तातोबाच्या हौद्यातली माती

“…म्हंजे माझ्या बाच्या रक्तात खोट हुती, असं म्हणायचं का वस्ताद?”

दौलती वस्ताद तालमीत कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते.

हिंदुराव समोर उभा होता, हाताची घडी घालून. कुस्ती खेळून त्याचे दोन्ही कान मुडपले होते, पण स्वतःची स्तुती त्यांतूनही बरोबर आत जायची. चाळिशीला आला तरी तालमीतल्या पोरांना तो अजून लोळवायचा. त्याचा बाप तातोबा पंचक्रोशीतला नामी मल्ल. पंचेचाळिशीच्या आत आतड्याच्या कॅन्सरनं गेला. पुढं चुलताही त्यानंच गेला.

आणि आता थोरल्या बहिणीला, शेवंताआक्काला, तोच निघाला. वेळेत कळला, कापून काढला, ती बचावली. मग डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं आणि हिंदुरावला बोलावून सांगितलं, की हा कॅन्सर होण्याचा धोका वाढवणारा दोष तिच्यात वडिलांकडून आलेला आहे. तुमच्यातही असेल किंवा नसेल, शक्यता निम्मी-निम्मी. रक्त तपासून घ्या.

हिंदुराव तिथून तडक उठून तालमीत आला होता.

“बा-कडनं मला छाती मिळाली, मांड्या मिळाल्या,” तो म्हणाला. “आता म्हणत्यात, रोग बी मिळाला असंल. वाघाच्या घरात खोट काढायला निघालेत.”

“पोट दुखतंय?”

“न्हाई.”

“परसाकडंला रक्त पडतं?”

“न्हाई. दगड पचवतोय मी, वस्ताद.”

“तातोबा बी ह्येच म्हणायचा…”

वस्ताद उठले. भिंतीला टेकवलेल्या फावड्याकडे त्यांनी बोट दाखवलं.

“आज माती उकरायची ऱ्हाऊ दे. पोरांना तशीच उतरव.”

हिंदुराव हसला. “चेष्टा करताय काय?”

“का? माती चांगली न्हाई?”

“चांगली न्हाई?” हिंदुरावचा आवाज चढला. “माझ्या बानं नदीकाठनं डोक्यावर वाहून आणली ही माती. ताक, तेल, हळद घालून मळली. जिल्ह्यात असला हौदा दुसरा दावा मला.”

“मग रोज उकरतोस कशाला?”

“नदीची माती हाय. एखादा खडा असतोय आत. पोरगं त्याच्यावर आपटलं तर मणका जाईल.”

“रोज गावतोय खडा?”

“रोज न्हाई. कवातरी. पण न बघता पोरं कशी उतरवायची?”

“अन् गावला, की तातोबाला शिव्या घालतोस?”

हिंदुरावची नजर हौद्यातल्या मातीवर गेली.

बाहेर पोरं जोर मारत होती, त्यांचे हुंकार तेवढे आत येत होते.

“दोष निघाला तर?” हिंदुरावनं हळू विचारलं.

“तर दर वर्षा-दोन वर्षाला दुर्बीण घालून आतडं बघायचं. बारीक गाठ दिसली की तिथंच काढायची. ती वाढायची वाट बघायची न्हाई.”

“अन् न्हाई निघाला तर?”

“तर चारचौघांगत.”

वस्तादांनी हौद्यातली मूठभर माती उचलली, बोटांनी चुरली, परत टाकली.

“जाताना तातोबा लई हलका झालता,” ते म्हणाले. “रिंगणात माझ्याच्यानं जो दोन्ही हातांनी कधी उचलला न्हाई, त्याला एका हातावर अंगणात न्यायचो मी…”

त्यांचे डोळे भरून आले होते. ते त्यांनी पुसलेही नाहीत.

हिंदुरावच्या हाताची घडी सुटली. बापाचं मरण त्यानं पाहिलं होतं, आणि त्याला भीती वाटत होती, हे आता त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

“रक्त देतो,” तो म्हणाला. “आजच देतो. पण त्ये दुर्बिणीचं काय जमायचं न्हाई, वस्ताद.”

“का?”

“आजवर एका बी मल्लाला माझी पाठ मातीला लावता आली न्हाई. अन् त्या टेबलावर मी उताणा पडू? जीव गेला तरी चालंल…”

वस्तादांनी फावडं उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

“डाव्या कुशीवर निजवत्यात,” ते म्हणाले. “पाठ लागत न्हाई.”