पाच हजार एक्केचाळीस फरश्या

एका डोंगराळ गावात एक पाथरवट होता. राजाने त्याला नव्या चौकासाठी फरश्या घडवायला सांगितल्या. त्याने एकाच मापाच्या पाच हजार एक्केचाळीस चौकोनी फरश्या घडवल्या आणि पुरेपूर चौक होईल, एकही उरणार नाही, एवढं सांगून तापात डोळे मिटले.

राजाचा हुकूम होता की रांगा सारख्या हव्यात, एकही फरशी उरता किंवा फोडता कामा नये. काम जुळलं तर चौकाच्या पायरीवर पाथरवटाची खूण कोरली जाणार होती. त्या गावात पाथरवटाची खूण म्हणजेच त्याचं नाव.

मुकादमाने दोन-दोनच्या रांगा धरून पाहिल्या, एक फरशी उरली. तीन-तीनच्या धरल्या, तरी एकच उरली. असं करत तो दहापर्यंत गेला आणि दर वेळी एक उरलीच. गावात पाढे दहापर्यंतच म्हणत. दहापर्यंत जे जमलं नाही ते पुढे जमतच नाही, असं सगळे मानत. तेव्हा म्हाताऱ्याचा हात चुकला, एक फरशी जास्त झाली, असं ठरलं.

पाथरवटाची लेक अबोल होती. चार माणसांत तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. पण छिन्नीचा घावसुद्धा मोजून घालणारा आपला बाप चुकला, हे तिच्या मनाला पटेना.

मुकादम मनाचा वाईट नव्हता. त्याने तिला बाजूला घेतलं.

"पोरी, ही एक नदीत टाक. बाकीच्या कशाही बसतात. तुझ्या बापाची खूण कोरली जाईल, आणि कळणार कुणाला?"

तिने फरशी हातात घेतली. ती टाकली की बापाचं नाव राहणार होतं, पण खोटेपणाने.

"नको काका," ती म्हणाली. "दर वेळी एक उरते ना? मग एकापासूनच सुरू करू."

तिने ती फरशी कोपऱ्यात ठेवली. तिच्या दोन बाजूंना काटकोनात तीन लावल्या, चौकोन झाला. त्याला तशाच पाच लावल्या, मग सात, मग नऊ. दर वेळी दोन जास्त लागत आणि दर वेळी चौकोनच होई.

"चौक घालतेस का रांगोळी?" एक गवंडी म्हणाला, आणि सगळे हसले.

ती मांडत राहिली. तिसऱ्या दिवशी हसणारेच तिला फरश्या आणून देऊ लागले. शेवटी कडेला एकशे एक्केचाळीस फरश्या लागणार होत्या. मुकादमाने ढिगात उरलेल्या मोजल्या. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजल्या. बरोबर एकशे एक्केचाळीस.

एकाहत्तर रांगा, आणि दर रांगेत एकाहत्तर फरश्या! गावाने ढोल आणले. राजा चौकाच्या चारही कडांनी चालला, त्याला कुठेही फट दिसली नाही. मुकादमाने पायरीवर स्वतःच्या हाताने पाथरवटाची खूण कोरली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हात त्याचा नाही, पाढा आमचा कमी पडला."

त्या वर्षापासून गावातली मुलं अकराचा पाढा शिकू लागली.

तात्पर्य: गणित जमलं नाही तर दुसऱ्याच्या कामाला चूक म्हणण्याआधी आपली मोजायची रीत तपासावी.