गुळगुळीत अंगठा

एका राज्यात माणूस मेला की त्याचा पक्षी होई आणि आपल्याच घरी येऊन बसे. घरच्यांनी भूर्जपत्रावर अंगठा द्यायचा, कचेरीने त्यावर मोहर उठवायची. मग तो पक्षी सात डोंगरांपलीकडे उडून जाई. यात कोणाला नवल वाटत नसे.

पुढे एका जादूगाराच्या आईचे पत्र हेलपाट्यांतच फाटले. त्याने शाप दिला : "वर्षाच्या आत मोहर न मिळालेला पक्षी दगड होईल. मोहर देणारा आणि मागणारा ज्या दिवशी एकमेकांचे हात ओळखतील, त्या दिवशी शाप सुटेल."

छपरांवर दगडी पक्षी वाढत गेले.

त्या राज्याच्या नदीवर येसू नावाडीण होती. दोन्ही काठांना बांधलेला दोर ओढत ती नाव पार नेई. तिचा नवरा हैबती पुरात गेला होता आणि खंड्या होऊन नावेच्या टोकावर बसला होता. वर्ष भरायला तीन दिवस उरले, तेव्हा मोहरदार शार्ङ्गधराने तिचे पत्र नवव्यांदा परत केले.

"अंगठ्याला रेषाच नाहीत, बाई. उद्या या."

"रेषा दोराने खाल्ल्या, महाराज. नव्या कुठून आणू?"

"नियम आहे."

जाळीआडून राजाने हे ऐकले. त्याला शाप आठवला. तो म्हणाला, "मोहरदार, तीन दिवस तुम्ही नाव ओढा. ही तुमच्या गादीवर बसेल. तिसऱ्या सूर्यास्ताला मोहर परत घ्या."

"आज्ञा."

स्वतःच्या माणसाच्या पत्रावर मोहर उमटत नसे. गादीवर बसताच येसूने हैबतीच्या पत्रावर ती उठवून पाहिली. तिच्या अंगठ्याच्या डागाशेजारी काहीच उमटले नाही.

पहिल्या दिवशी शार्ङ्गधराच्या तळव्यांना फोड आले. खंड्या म्हणाला, "पाय रोवा, मोहरदार. हा दोर आहे, माघारी पाठवता यायचा नाही." दुसऱ्या दिवशी फोड फुटले. उतारू हसून विचारत, "नाव आज पोहोचेल, की उद्या येऊ?" तो मान खाली घालून ओढत राहिला.

कचेरीत येसूने पहिल्या माणसाचा अंगठा पाहिलाच नाही. त्याचे ओले डोळे पाहून तिने मोहर उचलली. इतक्यात दारातून एकजण ओरडत आला, "थांबा, बाई! तो माझा भाऊ. त्याला माझं शेत हवंय. मी जिवंत आहे!"

जिवंत माणसाच्या पत्रावर मोहर पडली, तर तो उभ्या जागी पक्षी होई. येसूने मोहर खाली ठेवली. मग ती प्रत्येक अंगठा दोनदा, तीनदा पाहू लागली. रांग वेशीपर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी एका कुंभारणीचा पुसट अंगठा पाहून तिच्या तोंडून निघाले, "उद्या या."

ते शब्द ऐकून ती स्वतःच गादीवरून उठली. कुंभारणीला जवळ बसवून तिने विचारले, "तुमच्या माणसाला ओळखणारं कोण आहे?" शेजारपाजार आला, साक्ष झाली, मोहर उठली.

सूर्य टेकला तेव्हा शार्ङ्गधर धावत आला. त्याच्या खांद्यावर खंड्या होता. खंड्याचे पाय दगडी झाले होते.

मोहरदाराने आपला अंगठा शाईत बुडवून हैबतीच्या पत्रावर टेकवला. नुसता काळा डाग उमटला, रेषा नव्हती. शेजारी येसूचा डाग होता.

"हा हात मी ओळखतो," तो म्हणाला.

"आणि तुम्ही का घाबरत होता, ते मला कळलं," येसू म्हणाली.

त्याने मोहर उचलली.

"थोडं थांबता?" तिने विचारले.

तो थांबला. दगड खंड्याच्या छातीपर्यंत चढला.

"येसू," खंड्या म्हणाला, "दोर भिजलाय. वाळत घाल. आणि मला जाऊ दे."

"करा, महाराज."

मोहर पडली. खंड्या उडाला. त्याच क्षणी छपराछपरांवरच्या दगडांना पिसे फुटली, आणि आकाश बराच वेळ पंखांनी भरून राहिले.

तेव्हापासून त्या राज्यात वर्षातले तीन दिवस मोहरदार नाव ओढतो आणि नावाडीण गादीवर बसते. इतर दिवशी येसू नाव चालवते. उतारू कितीही असोत, नावेच्या टोकावर ती कोणाला बसू देत नाही. आणि का, ते तिला कोणी विचारत नाही.