समोरची जागा

“बूट कुणाचे घातलेस?” वस्तादांनी विचारलं.

कुलदीप बर्फावर आडवा पडला होता. कोपरावर जोर देऊन उठत म्हणाला, “दादाचे.”

“मापात बसतात?”

“दोन जोड मोजे घातलेत.”

वस्ताद मागं सरले. मैदानाच्या कडेला शेकोटीपाशी हात चोळत उभे राहिले.

देवदारांनी वेढलेलं ते डोंगरातलं गाव. कडाका पडला की संध्याकाळी मैदानावर पाणी सोडायचं, रात्रीतून त्याचा बर्फ व्हायचा, आणि सकाळी ऊन पोचेपर्यंत पोरं त्यावर स्केटिंग करायची. कुलदीपच्या वडिलांचं तिथल्या बाजारात गलाईचं दुकान. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायला सांगलीकडची माणसं मुलुखभर पांगली, त्यातलेच ते एक. आणि वस्ताद म्हणजे त्यांच्याच भागातला एक जुना सुभेदार. पलटणीतून सुटल्यावर माघारी गेला नाही, बर्फावरच रमला. पोरांना गिरक्या आणि उड्या शिकवू लागला. कुलदीपचे वडील त्याला तालमीतल्यासारखं वस्ताद म्हणत, म्हणून पहाडी पोरंही तेच म्हणायला लागली.

कुलदीपचा थोरला भाऊ इंद्रजित त्यांचा सगळ्यात तयार पोरगा.

वैशाखात जीप वळणावरून दरीत गेली. जीपमध्ये इंद्रजित होता.

त्या मैदानाची एक रीत होती. हंगामाच्या शेवटच्या दिवशी जो शेवटी नाचेल, त्यानंच पहिला नाच करून पुढच्या हंगामाचा बर्फ उघडायचा. गेल्या हंगामाचा शेवट इंद्रजितनं केला होता.

यंदा पावसाळा सरला तशी पोरं तयारीला लागली. कोरड्या जमिनीवर उड्या, शेडमधल्या फळ्यांवर मोजे घालून गिरक्या, बुटांची पाती परजून आणणं. बर्फ कुणी उघडायचा, हे मात्र कुणी तोंडातून काढत नव्हतं. शेवटी हरीशचं नाव निघालं. तो सगळ्यांत जुना, उड्याही पक्क्या. हरीश मान खाली घालून हो म्हणाला.

कुलदीपनं तेव्हा हातातली दोरी भिंतीवर भिरकावली होती.

बर्फ मी उघडणार, म्हणाला. दादाचाच नाच, दादाचंच गाणं, दादाचेच बूट.

पोरांनी वस्तादांकडं बघितलं. वस्तादांनी एवढंच सांगितलं, की शनिवारी सकाळी ऊन बर्फाला लागायच्या आत इंद्राची ती उडी एकदा सरळ उतरून दाखव. मग रविवारी बर्फ उघडायचा मान तुझा. नाही जमलं तर हरीशचा.

आज तो शनिवार होता. मैदानावर दोघंच होते. ऊन समोरच्या पत्र्याच्या छपरावर येऊन थांबलं होतं.

उडी अवघड होती. डाव्या अंगाला वळत हवेत दोन गिरक्या घ्यायच्या, आणि उजव्या पायावर उतरून मागं घसरत जायचं. इंद्रजित उतरला की नुसता पात्याचा खस्स आवाज यायचा.

कुलदीपनं वेग घेतला. उडाला. एक गिरकी झाली, दुसरी अर्ध्यात तुटली. उतरताना त्यानं डावा हात खाली टाकला आणि पुन्हा कुल्ल्यावर आदळला.

“हात का पाडलास?” वस्तादांनी विचारलं.

“दादा पाडायचा.”

“ती त्याची चूक होती. पाच हिवाळे ओरडत होतो मी त्याच्या नावानं.”

“ठाऊक आहे.”

“मग?”

“चूक पण पाहिजे मला,” कुलदीप म्हणाला. “सगळं त्याच्यासारखं पाहिजे.”

…

वस्तादांनी शेकोटीत एक ढलपी सरकवली.

कुलदीप पुन्हा उडाला. पुन्हा पडला. बुटात पाय आत कुठंतरी फिरत होता. दादाच्या घोट्यानं चामड्याला जो बाक दिला होता, तो त्याच्या घोट्याला टोचत होता. तरी ते टोचणं त्याला हवं होतं. घरी दादाचा सदरा धुऊन टाकला होता, अंथरूण गुंडाळून ठेवलं होतं. दादाच्या अंगाचा आकार राहिला होता तो एवढ्या बुटात.

ऊन छपरावरून भिंतीवर उतरलं.

“वस्ताद,” तो कडेला येऊन धापा टाकत म्हणाला, “काय चुकतंय ते सांगत का नाही? का हरीशलाच द्यायचाय रविवार?”

वस्तादांना राग आला नाही. त्यांनी विचारलं, “तुला उडी शिकवली कुणी?”

“दादानं.”

“कशी?”

“कशी म्हणजे… तो करायचा, मी बघून करायचो.”

“तू कुठं असायचास?”

“त्याच्या समोर.”

एवढं बोलून कुलदीप थांबला.

तो कायम दादाच्या समोर उभा राहूनच शिकला होता. दादानं उजवा हात उचलला की ह्यानं डावा उचलायचा. दादा डाव्या अंगाला वळला की हा उजव्या. वस्तादांनी पहिल्याच हिवाळ्यात हटकलं होतं, पण इंद्रजितच म्हणाला होता, राहू दे हो वस्ताद, मला समोर बघायला बरं वाटतं. पोरं कुलदीपला इंद्राचा आरसा म्हणून चिडवायची. आरसा आज उशिरा उठला काय रे, आरशाला शेंबूड आलाय, पुस की. दोघं मैदानाच्या मध्यावर समोरासमोर उभे राहायचे, एकदम उडायचे, एक उजव्या पायावर उतरायचा, एक डाव्या. आणि खस्स आवाज एकच यायचा.

“आता कुठं उभा राहतोस?” वस्तादांनी विचारलं.

“दादाच्या जागेवर.”

“मग समोर कोण आहे?”

…

कुलदीपनं मैदानाकडं बघितलं. मध्यावर त्याच्या पडण्याचे ओरखडे होते. त्यांच्या पलीकडं बर्फ कोरा होता.

“कुणी नाही,” तो म्हणाला, आणि वैशाखापासून जे आवळून धरलं होतं ते त्याच्या तोंडातून आवाजासकट बाहेर पडलं. तो शेकोटीपाशी खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

वस्तादांनी त्याला गप्प केलं नाही. उकिडवं बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. दोन्ही बूट काढले, नाड्यांची गाठ मारून आपल्या गळ्यात अडकवले. मग शेडमधून दुसरा जोड घेऊन आले. कुलदीपचाच. चामड्याला तेल लावलेलं, पाती परजलेली.

“हे कधी केलंत?”

वस्तादांनी जोड त्याच्यापुढं ठेवला. एक जोड मोजे तेवढे काढायला लावले.

ऊन भिंत उतरून बर्फाच्या काठाशी आलं होतं.

कुलदीप मध्यावर गेला. ओरखड्यांपाशी घुटमळला. मग ते ओलांडून पलीकडं, आपल्या जुन्या जागेवर जाऊन वळून उभा राहिला. समोर मोकळं होतं. त्यानं तिकडं बघितलं, आणि बराच वेळ बघतच राहिला. नंतर डावा हात उचलला.

वेग घेतला. उजव्या अंगाला वळला. उडाला.

खस्स…

डाव्या पायावर तो मागं मागं घसरत गेला. दोन्ही हात पसरलेले होते.

थांबल्यावर त्यानं वस्तादांकडं बघितलं. वस्ताद त्याच्याकडं बघतच नव्हते. गळ्यातले बूट एका हातानं धरून ते समोरच्या कोऱ्या बर्फाकडं बघत होते, कपाळाला आठी घालून, दर हिवाळ्यात घालत तशी.

“इंद्रा,” ते म्हणाले, “डावा हात पडतोय. पुन्हा.”