काळीच्या पाण्यात हजर

फार पूर्वी रेणुवती नगरात सोमराजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या वेशीवर पुकाऱ्याचे काम करीत होते. लढाईहून फौज परतली की पुकाऱ्याने एकेका सैनिकाचे नाव घ्यायचे. आलेल्याने ‘हजर’ म्हणायचे. ज्याच्या नावाला उत्तर येत नसे, त्याच्यासाठी सेनापतीने पुढे होऊन सगळ्यांदेखत म्हणायचे, “तो माझ्या शब्दावर गेला.” त्यानंतरच त्या घरी सुतक धरले जाई.

सेनापती जितसेन साध्या शिपायाचा सेनापती झाला होता. जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन तो एकदा दोन कोस चालला होता. बोधिसत्त्वांचा त्याच्यावर जीव होता.

सोमराजाला मूल नव्हते. “जो आपली माणसे राखून जिंकेल, त्याला गादी देईन,” असे त्याने सांगितले आणि जितसेनाच्या मनात गादी बसली. लगेचच्या मोहिमेत वाटेतल्या काळी नदीला पूर होता. “दोन दिवस थांबू,” असे जाणते सैनिक म्हणाले. तो थांबला नाही. एकसष्ट माणसे वाहून गेली, आणि लढाई मात्र त्याने जिंकली.

वेशीवर फुले उधळली जात होती. बोधिसत्त्वांनी कण्ह नावाच्या शिपायाला पुकारले. कण्ह जन्माचा तोतरा. पण मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, “हजर!”

बोधिसत्त्व थांबले. जितसेन त्यांच्याकडे पाहून हसला. “काय बाबा, घसा बसला का? घ्या पुढचं नाव. ऊन चढतंय.”

आजचा आनंदाचा दिवस जाऊ दे, असे बोधिसत्त्वांना वाटले. त्यांनी पुढचे नाव घेतले. त्या दिवशी एकसष्ट खोटी उत्तरे आली आणि ती त्यांनी ऐकून घेतली. हजेरी होताच त्या एकसष्ट जणांना सरहद्दीवर पाठवले आहे, असे त्यांच्या घरी कळवण्यात आले.

वर्षभरात सोमराजा वारला आणि जितसेन गादीवर बसला. पुढच्या हजेरीला भर दुपारी बोधिसत्त्वांनी कण्हाचे नाव घेतले. या वेळी कोणालाही शिकवून उभे केले नव्हते. रिकाम्या रांगेतून अडखळत उत्तर आले, “ह... ह... हजर.” जमिनीवर ओल्या पावलांची जोडी उमटली होती. ऊन कडक होते, तरी ती वाळेना.

कण्हाची बायको उत्पला वेशीवर आली. “बाबा, रोज ताट वाढते. कोणी जेवत नाही, पण पाटाखाली पाणी साचतं. शेजारणी विचारतात, ‘अगं, नवरा आला म्हणे, मग दाखव की!’ मी रडू की सणाला नटू, तेवढं सांगा.”

बोधिसत्त्व वेशीवरून निघाले. ते तसेच राजवाड्यात गेले.

“महाराज, बुडालेली ती माणसं सुतकावाचून अडकलीत. तुम्ही एकदा म्हणा, ती माझ्या शब्दावर गेली.”

“मी बुडवलं का त्यांना?” जितसेन म्हणाला. “पाणी चढलं. अट राजानं घातली. माझा घोडासुद्धा त्याच पाण्यात होता.” मग त्याचे डोळे चमकले. “आणि बाबा, मेल्यावरही हजर राहणारी माणसं दुसऱ्या कुठल्या राजाकडे आहेत? यांच्या जोरावर मी नदीपलीकडचं सगळं घेईन.”

तो कौतुकाने त्या ओल्या पावलांविषयी बोलत राहिला.

फौज काळीच्या काठी पोचली तेव्हा उन्हाळा होता. पाणी गुडघाभर, तळाचे गोटे दिसत होते. जितसेनाने मागे पाहिले. जिवंत सैनिक काठावरच थांबले होते. त्यांच्यापुढून ओली पावले, एकामागे एक, वाळूतून पाण्याकडे निघाली होती. चालणारे मात्र दिसत नव्हते.

“महाराज, अजून वेळ आहे,” फौजेबरोबर आलेले बोधिसत्त्व म्हणाले. “चारच शब्द म्हणायचे आहेत.”

जितसेनाचे ओठ हलले. क्षणभर तो पुन्हा तो जुना शिपाई वाटला. मग त्याने पलीकडचे हिरवे रान पाहिले, तलवार उपसली आणि ओरडला, “या माझ्यामागे!”

“हजर!” एकसष्ट आवाज एकदम उठले. पाणी खळबळले, जशी पुष्कळ माणसे एकदम उतरावीत. गुडघाभर पाण्यात जितसेन खाली गेला आणि वर आला नाही. थोड्या वेळाने तळाचे गोटे पुन्हा स्वच्छ दिसू लागले.

बोधिसत्त्व काठावर उभे राहिले आणि त्यांनी एकसष्ट नावे घेतली. प्रत्येक नावानंतर थांबून ते म्हणाले, “जितसेनाच्या शब्दावर गेला आणि माझ्या गप्प बसण्यानं अडकला.” कुठूनही उत्तर आले नाही. शेवटी त्यांनी जितसेनाचे नाव घेतले. त्याच्यासाठी बोलणारा वरचा कोणी नव्हता. “त्याला पहिल्या दिवशी अडवलं असतं तर तो वाचला असता,” बोधिसत्त्व म्हणाले. “हा माझ्या गप्प बसण्यानं गेला.”

नगरात परतल्यावर ते आधी उत्पलेच्या दारी गेले आणि सगळे सांगितले. ती ओसरीवर बसून पहिल्यांदा मोकळेपणाने रडली.

पूर्वजन्मीची एवढी गोष्ट सांगून शास्त्यांनी, म्हणजे विहारातल्या गुरूंनी, समोरच्या भिक्षूंकडे पाहिले. त्यांच्यात एक भिक्षू होता, जो स्वतःच्या चुकीचे खापर सोबत्यांवर फोडीत असे. “तेव्हाचा जितसेन हा भिक्षू होता,” शास्ते शांतपणे म्हणाले. “उत्पला म्हणजे आज विहाराच्या दारात बसलेली ती वृद्ध उपासिका. आणि ज्याने एक दिवस गप्प राहून इतक्यांना अडकवले, तो पुकाऱ्या मी होतो. सत्याची पारमिता, म्हणजे परिपूर्णता, मी त्या काठावर शिकलो.”

तो भिक्षू उठला, सोबत्यांसमोर आला आणि म्हणाला, “चूक माझी होती.”