जोडी नसलेली सगुणा

एका डोंगराच्या पायथ्याशी एक शाळा होती, बरं का, आणि त्या शाळेत एक गुरुजी होते. माणूस भला, पण स्वतःच्या शिस्तीवर भारी खूश. दरवर्षी दिवाळी झाली की ते पोरांना डोंगरावरची लेणी दाखवायला न्यायचे. दोघादोघांनी हात धरून चालायचं. वाटेत गुरुजी विचारायचे, "जोड्या?" मग ज्यानं त्यानं आपला जोडीदार बघायचा आणि म्हणायचं, "आहे." झालं. डोकी मोजायची गरजच काय, असं गुरुजींना वाटायचं.

त्या वर्षी पोरं झाली एकवीस. एकविसावी सगुणा. नुकतीच मामाकडे राहायला आलेली, कुणाशी ओळख ना पाळख. "तू ये हो मागून," गुरुजी म्हणाले. मग सगुणा आपल्याच डब्याची कडी धरून चालली. वाईट वाटलं हो तिला, पण सांगणार कुणाला?

लेण्यांच्या दाराशी एक दगडी हत्ती होता. पूर्वी दोन होते, दुसऱ्याचे नुसते पाय उरलेले. पोरं आत गेली, सगुणा बाहेरच थांबली. "तुलाही कुणी नाही होय रे?" ती म्हणाली. मग गुळाची अर्धी दशमी तिनं त्याच्या सोंडेवर ठेवली, अर्धी आपण खाल्ली. चालून दमलेली पोर ती, तिथंच तिचा डोळा लागला. आणि गुरुजी पोरांना घेऊन मागच्या वाटेनं उतरले.

जागी झाली तर सगळं सामसूम. ऊन कललेलं, वाट ठाऊक नाही. मग सगुणा रडली, खूप रडली. तोच हत्तीचा कान हलला. "दशमी गोड होती," हत्ती म्हणाला. "बस पाठीवर."

तिकडे ओढ्यापाशी गुरुजींनी विचारलं, "जोड्या?" सगळे म्हणाले, "आहे." वर दगड गडगडले. माकडं असतील, गुरुजी म्हणाले. मग चिंचेखाली विचारलं, "जोड्या?" "आहे." मागं फांद्या मोडल्या. वारा असेल, गुरुजी म्हणाले. पान हलत नव्हतं, पण त्यांना कोण सांगणार? मग वेशीपाशी विचारलं, "जोड्या?" "आहे." आणि मागून जात्याच्या घरघरीसारखा आवाज आला, "आमचीही आहे."

गुरुजी वळले. हत्तीच्या पाठीवर सगुणा, त्याचा कान घट्ट धरून बसलेली. गुरुजी हत्तीला न भिता धावत पुढे आले. त्यांनी तिला खाली उतरवून घेतलं. "पोरी, मी जोड्या बघितल्या, तुला बघितलंच नाही," ते म्हणाले आणि सगळ्यांदेखत रडले.

हत्ती आपल्या जागी परत गेला. पण पूर्वी त्याचं तोंड लेण्याकडे होतं, ते आता गावाकडे झालं. पुढच्या सहलीला गुरुजींनी आधी डोकी मोजली, मग सगुणाचा हात आपल्या हातात घेतला, आणि एकवीस पोरांनी हत्तीला दशमी नेली. सगळी सुखात राहिली.

तुम्ही तिघं ना रे? मग दोघांनी एकमेकांचा हात धरा, तिसऱ्यानं माझा. आणि मिटा बघू डोळे.