भांडणाचं घोंगडं

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा माळावर कुंपणं नव्हती, आणि मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकून लोक सांगायचे की कळप कुणाचा आणि चाललाय कुठं. अशाच एका माळावरच्या गावात तातोबा नावाचा एक सणगर राहत होता. सणगर म्हणजे घोंगडी विणणारा. त्याचा जिवाभावाचा एक मित्र होता, धुळा मेंढपाळ, सगळ्यांचा धुळ्या. एकाला लोकर लागायची, दुसऱ्याकडे लोकरच लोकर. देवानं जोडी जमवावी तर अशी!

दोघांना मिसरूड फुटलं तेव्हा त्यांनी ठरवलं, आपण मिळून धंदा करायचा. धुळ्यानं सगळी लोकर तातोबाला द्यायची. दिवाळी झाली की धुळ्याची माणसं मेंढरं घेऊन लांब चारणीला जायची, त्याआधी तातोबानं त्यांना माणशी एक घोंगडं विणून द्यायचं. उरलेली घोंगडी बाजारात न्यायची आणि मिळेल ते वाटून घ्यायचं.

तातोबाची आई ओसरीवर पाट्यावर चिंचोके वाटत बसली होती. घोंगड्याला चिंचोक्याची खळ द्यावी लागते. खळ चांगली बसली की वीण घट्ट होते आणि पाणी आत शिरत नाही. वाटता वाटता तिचा एक कान पोरांच्या बोलण्याकडे होता.

"सगळं ठरलं का रे?" तिनं विचारलं.

"ठरलं की, आई."

"आणि भांडण झालं तर?"

धुळ्या पोट धरून हसला. "आमचं कशाला भांडण होतंय, आई! आम्ही एका ताटात जेवणारे."

"एका ताटात जेवणारेच भांडतात, बाबा. ज्याचं ताट वेगळं, त्याच्याशी भांडायला सवड कुणाला आहे? गोडीत आहात तोवर ठरवून घ्या. घर पेटल्यावर आड खणून भागत नाही."

मग तिनं दोघांना समोर बसवलं आणि पहिल्या लोकरीचं एक घोंगडं वेगळं विणायला लावलं. त्याची खळ तिनं स्वतः केली. विणून झाल्यावर ती म्हणाली, "हे अंगावर घ्यायचं नाही. हे भांडणाचं घोंगडं. ज्याची तक्रार असेल त्यानं हे दारासमोरच्या लिंबाखाली अंथरून बसायचं. दिवस मावळायच्या आत दुसऱ्यानं तिथं यायचं, हातातलं काम टाकून यायचं. तक्रार त्याच्याच कानात घालायची, गावाच्या कानात नाही."

"एवढंच ना?" तातोबा म्हणाला.

"थांब की जरा! तोंडाला लगाम नाही तुझ्या. आधी तू त्याचं दुखणं सांगायचं आणि त्यानं तुझं. समोरचा 'हं, हेच' म्हणेपर्यंत आपलं गाऱ्हाणं काढायचं नाही. तरीही मिटलं नाही, तर पंचाकडे जायचं. आणि पंच आत्ताच ठरवा. भांडण पेटल्यावर एकाला जो देव वाटतो, तो दुसऱ्याला दगडच वाटतो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदमच म्हणाले, "चिमाक्का तेलीण!"

चिमाक्का घाणा चालवायची. वयानं तरणी, पण जीभ अशी की गावचा पाटीलसुद्धा तिच्या दारावरून जाताना खाली मान घालायचा. तिला ना लोकर लागायची, ना घोंगडी विकायची होती. शिवाय ती दोघांनाही सारख्याच शिव्या द्यायची. यापेक्षा चांगला पंच कुठं मिळणार?

"मग ती म्हणेल तो शेवटचा शब्द," आई म्हणाली. "आवडो न आवडो, मानायचा. आणि भांडण चालू आहे म्हणून लोकर अडवायची नाही, माग थांबवायचा नाही. तुमच्या रागापायी दुसऱ्यांनी का थंडीत मरायचं?"

दोघांनी त्या घोंगड्यावर हात ठेवून कबूल केलं. घोंगडं खुंटीवर गेलं.

काय दिवस होते ते! पहाटे तातोबाच्या मागाचा खटक-खट आवाज सुरू झाला की गाव जागं व्हायचं. संध्याकाळी धुळ्या आला की ओसरीवर गूळ-शेंगा निघायच्या. भांडणं व्हायची, नाही असं नाही. एकदा धुळ्याच्या शेळीनं मागावरचं सूत खाल्लं. तातोबानं रागारागानं घोंगडं अंथरलं. धुळ्या आला, पण त्याच्या आधी त्याचं कुत्रं येऊन मधोमध ऐटीत बसलं, जणू तेच पंच! दोघांना जे हसू फुटलं, ते आवरेचना. भांडण तिथंच संपलं. आई दारातून बघत होती. तीही पदर तोंडाला लावून हसली.

होता होता केस पिकले. घोंगडं खुंटीवरून उतरायचं कारणच उरलं नाही. आई थकली, आणि एका उन्हाळ्यात शांतपणे गेली. पुढं कधीतरी तातोबाच्या बायकोनं ते घोंगडं कोंबड्यांच्या डालीखाली, म्हणजे पाटीखाली घातलं, त्यावर कोंबडी अंड्यांवर बसवली. खुंटी रिकामी झाली ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

आणि त्याच्या पुढच्याच वर्षी ठिणगी पडली.

गावचा कुंभार बाजारातून आला तो थेट तातोबाच्या दारात. "काय सणगर, धुळा काय म्हणतोय ऐकलंस का? म्हणतो, तातोबाचं घोंगडं म्हणजे चाळण. गेल्या खेपेला चारणीला गेलो तर दवानं पोरं भिजून काकडली."

तातोबाच्या अंगाचा तिळपापड झाला. उभी हयात ज्या हातांनी विणलं, त्या हातांना भर बाजारात नावं? आणि तीही धुळ्यानं? पुढच्या बाजारी तातोबाही चारचौघांत ओरडून आला, "लोकर मेल्या मेंढीची दिली तर घोंगडं चाळणच होणार!"

झालं. धुळ्यानं लोकर पाठवायची बंद केली. तातोबाचा माग थांबला. घर असं सुनं झालं की तातोबाला पहाटे जाग आली तरी उठावंसं वाटेना.

दिवाळी तोंडावर आली. धुळ्याच्या माणसांसाठी विणलेली दहा-बारा घोंगडी कोपऱ्यात रचून ठेवलेली होती. एक परगावचा व्यापारी दारात येऊन उभा राहिला. "ही मला दे. आजच उचलतो."

"ही धुळ्याची आहेत."

"त्यानं लोकर अडवली. करार त्यानं मोडला, तू कशाला पाळतोस? जाऊ दे की त्याला उघडा, मग कळेल घोंगड्याची किंमत."

खोटं कशाला बोला, तातोबाला ते बोलणं गोड वाटलं. धुळ्या थंडीत कुडकुडतोय असं त्याच्या डोळ्यांसमोर आलं, आणि बरंही वाटलं. तो म्हणाला, "थांबा, गठ्ठा बांधून देतो."

गठ्ठ्याला वरून गुंडाळायला काहीतरी जाडंभरडं हवं होतं. शोधता शोधता त्याचा हात डालीखाली गेला. कोंबडीनं चोच मारून ओरडून घर डोक्यावर घेतलं. त्यानं ओढून काढलं, झटकलं, आणि हातात धरल्यावर ते काय आहे ते त्याला कळलं. कडा कुरतडलेल्या, पिसं चिकटलेली. पण वीण जशीच्या तशी. नाकाशी धरलं तर कोंबडीच्या वासाखालून चिंचोक्याचा वास आला. आईच्या हाताचा वास. 'तुमच्या रागापायी दुसऱ्यांनी का थंडीत मरायचं?' तातोबानं बांधायला काढलेली घोंगडी पुन्हा कोपऱ्यात सरकवली.

"काय झालं?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"घोंगडी विकायची नाहीत," तातोबा म्हणाला. "या तुम्ही."

तो तडक लिंबाखाली गेला, घोंगडं अंथरलं आणि बसला. गावात बातमी वाऱ्यासारखी पसरली. दुपार झाली, ऊन कललं. धुळ्याचा पत्ता नाही. पोरंसोरं लांबून बघत होती, कुंभार तर घरी जायलाच तयार नव्हता. तातोबाच्या मनात आलं, नाही आला तर? सगळं आयुष्य एका माणसाबरोबर घालवलं, आणि शेवट असा? त्याला लाज वाटली, राग आला, आणि फार एकटं वाटलं.

दिवस टेकायला आला तेव्हा घंटा वाजल्या. धुळ्या मेंढरं पोराच्या हवाली करून काठी आपटत आला, घोंगड्यावर बसला, आणि तातोबाकडे पाठ केली.

"आईला शब्द दिला होता म्हणून आलोय," तो गुरगुरला. "तुझ्यासाठी नाही."

"बरं," तातोबा म्हणाला. "मीच आधी तुझं दुखणं सांगतो. घोंगडी गळली. तुझी पोरं भिजली."

"अर्धंच आहे."

तातोबानं मान खाली घातली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मी बाजारात तुझ्या लोकरीला मेल्या मेंढीची म्हणालो. मेंढी तुझी लक्ष्मी. तिला बोललो."

धुळ्याची पाठ हलली. "हं. हेच." थोड्या वेळानं तो वळला. "आणि तुझं दुखणं मी सांगू? तुझ्या हातांना मी बाजारात नावं ठेवली. तुझ्याकडे आलो नाही. तुझं घर काय मला परकं होतं?"

"हं. हेच," तातोबा म्हणाला.

निम्मा राग तिथंच विरघळला. पण घोंगडी गळली कुणामुळं? धुळ्या म्हणाला विणण्यात खोट, तातोबा म्हणाला लोकरीत खोट. इथं काही एकमत होईना. मग दोघं घोंगडं उचलून चिमाक्काच्या घाण्यावर गेले.

चिमाक्का आता म्हातारी झाली होती, जीभ मात्र तरणीच होती. "आलात का, गाढवांनो! बाजारात बोंबलून झालं, आता पंच आठवला?"

तिनं नवं घोंगडं मागवलं. चौघांना चार टोकं धरायला लावली आणि मधल्या खोलगट झोळात कळशीभर पाणी ओतलं. पाणी टपटप गळायला लागलं. मग तिनं त्या जुन्या, कुरतडलेल्या, पिसांच्या घोंगड्यात पाणी ओतलं. सगळे वाकून खाली बघत राहिले. थेंबसुद्धा पडला नाही.

"लोकर तर दोन्हीत धुळ्याचीच," चिमाक्का म्हणाली. तिनं दोन्ही घोंगडी बोटांत चोळून पाहिली. "तातोबा, आई गेल्यापासून खळ कोण करतं?"

"मीच."

"चिंचोके किती वेळ भिजत घालतोस?"

"घालतो की... थोडा वेळ. मग घाईघाईनं वाटतो. काम फार असतं, आक्का." बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला. आयुष्यभर त्याला वाटत होतं, घोंगडं आपण विणतो. त्यातलं निम्मं काम ओसरीवर बसून आई करत होती, आणि त्यानं एकदाही वाकून बघितलं नव्हतं.

"खोट तुझी," चिमाक्का म्हणाली. "सगळी घोंगडी धुऊन पुन्हा खळ दे, दिवाळीच्या आत. लोकरीत काही वाईट नाही. धुळ्या, तू लोकर अडवलीस तो तुझा गुन्हा. उद्याच्या उद्या पोचती कर. आणि दोघंही जिथं बोंबललात, तिथंच जाऊन सांगा की आम्ही चुकलो. कुंभाराला पुढं उभा करा, त्याला ऐकायची हौस आहे."

न्याय आपल्यावर उलटला की भल्याभल्यांचे शब्द फिरतात. तातोबाच्याही जिभेवर आलं होतं, ही बाई काय घोंगड्यातलं कळणारी! पण समोर जुन्या घोंगड्यात पाणी तसंच साचलेलं होतं. तो म्हणाला, "मान्य."

घरी येऊन त्यानं चिंचोक्यांचं पोतं उघडलं, आणि हात थांबले. आई नक्की कसं करायची? डोळे भरून आले त्याचे. विचारायचं कुणाला?

"आधी भाजायचे," दारातून आवाज आला. धुळ्या होता. "टरफलं सगळी काढायची. मग भिजत घालून विसरून जायचं. ती म्हणायची, घाई केली की खळ रुसते. तू मागावर असायचास, मी तिच्यासमोर शेंगा खात बसायचो ना!" तो बाह्या सावरून पाट्यापुढं बसला. "सरक तिकडं. आज मी वाटतो."

लोकर पोचली, बाजारात कुंभाराला पुढं उभा करून दोघांनी चूक कबूल केली, आणि दिवाळी झाली. कळप निघाला तसा तातोबा शिवेपर्यंत पोचवायला गेला. पहाटेचं दव मरणाचं पडलं होतं. धुळ्यानं घोंगड्याची खोळ डोक्यावरून घेतली होती. शिवेवर त्यानं ती काढून झटकली, तसे दवाचे थेंब घरंगळून खाली पडले. त्यानं आतून हात फिरवला. कोरडं होतं.

"ही आईची खळ आहे रे, तातोबा," तो म्हणाला.

तातोबानं घोंगडं पुन्हा त्याच्या डोक्यावरून ओढून दिलं. घंटांचा आवाज माळापलीकडे जाईपर्यंत तो तिथंच उभा राहिला. मग घरी आला, भांडणाचं घोंगडं स्वच्छ झटकलं आणि खुंटीवर टांगलं. कोंबडीला त्यानं दुसरं पोतं दिलं. ती पुढं बरेच दिवस त्याच्याकडे रागानंच बघायची.

तात्पर्य: गोडीत असताना भांडण मिटवायची वाट ठरवून ठेवावी, आणि भांडण आलं की, निकाल आपल्यावर उलटला तरी, ती वाट सोडू नये.