मधली नळी

“माझ्या नकाशात ही नळी नव्हती, स्वामीजी! कोणी घातली?”

“मी घालून घेतली,” निरामयानंद म्हणाले आणि त्यांनी बॉयलरखाली आणखी एक ओंडका सरकवला.

त्र्यंबकराव लेल्यांचा संताप मस्तकात गेला. छत्तीस वर्षं त्यांनी उष्णतेचं शास्त्र शिकवलं होतं. हिमालयातल्या या मठाच्या बारा खोल्या गरम पाण्याच्या नळ्यांनी उबदार ठेवायची सगळी आखणी त्यांची. तीही चार-चारदा तपासलेली. आपलं काही चुकलं तर नसेल, या धास्तीनं त्यांना जन्मभर छळलं होतं. म्हणून तर आवाज असा चढायचा.

“पंपातून निघालेलं गरम पाणी एकाही खोलीत न जाता या नळीतून सरळ माघारी येतं. शुद्ध उधळपट्टी! मला इथं शिष्य म्हणून राहायचंय, पण असल्या अडाणीपणात नाही. एक तर ही नळी राहील, नाही तर मी!”

स्वामी बॉयलरखालची राख ओढत राहिले.

“बोला ना काहीतरी!”

“कॉक तुमच्या हाताशीच आहे.”

लेल्यांनी मधल्या नळीचा कॉक करकचून बंद केला.

दुपारी अंगणात ऊन उतरलं. मठाची रीतच होती, ऊन आलं की ज्यानं त्यानं आपल्या खोलीचा कॉक बंद करायचा आणि बाहेर येऊन बसायचं. एक बंद झाला, दुसरा झाला... बारावाही झाला.

नळ्या ठणठणू लागल्या. पंप गुरगुरला. दाबाचा काटा लाल रेघेपलीकडे गेला.

स्वामींनी बॉयलरपाशी धावत आलेल्या लेल्यांचा हात धरून पंपावर ठेवला. पंप आतल्या आत धडधडत होता.

“पाण्याला... जायला जागाच नाही,” ते पुटपुटले.

स्वामींनी कॉकला हात लावला नाही. शेवटी लेल्यांनीच मधला कॉक उघडला. ठणठण हळूहळू विरली.

दाबाचा काटा लाल रेघेखाली आला.

मग लेले पुन्हा उसळले, पण नजर पंपावरच होती. “नळी राहिली. म्हणजे आता मी जायचं! सकाळीच सांगायचं होतंत की! वाटेल ते बोललो मी, अडाणी म्हणालो तुम्हाला... आणि तुम्ही ऐकून घेतलंत. एका शब्दानं अडवलं का नाहीत?”

स्वामी बाकावर बसले आणि जरा सरकले. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

“कुठंतरी वाट उघडी हवी ना, त्र्यंबकराव.”